होडीचे सामान कोठून घ्यावे?

नगर जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे काय उभे राहते? पाथर्डीचा माळ, जामखेडचे कोरडे ओढे, उन्हाळ्यातले टँकर. आज या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण दुष्काळाची ओळख काही पुसली गेलेली नाही. अशा जिल्ह्यात होडीची गोष्ट कसली काढता, असे कोणी विचारील. पण जरा नकाशा समोर घ्या. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले भंडारदरा धरण आहे. त्याच्या जलाशयात आजही लोक नावेने रतनवाडीच्या बाजूला जातात. राहुरीजवळ सव्वीस अब्ज घनफूट पाणी साठवणारे मुळा धरण आहे. नेवासे आणि शेवगाव तालुक्यांच्या शिवारात पैठणच्या नाथसागराचे पाणी येऊन टेकले आहे. खाली कर्जतकडे भीमेवर उजनीचे पाणी आहे. सिद्धटेकचा गणपती कित्येकांनी पूल होण्याआधी शिरापूरकडून होडीत बसूनच पाहिलेला आहे.

तेव्हा पाऊस कमी असला, तरी पाणी आहे. पाणी आहे म्हणून मासेमारी आहे, पलीकडच्या काठावर शेत आहे, सोयरीक आहे, शाळा आहे. आणि म्हणून होडीही आहे. पूर्वी पूर आला म्हणजे नदीकाठची माणसे भोपळ्यांची सांगड करीत. गुऱ्हाळावरची काहील पाण्यात लोटून तिच्यातून माणसे उतरवीत. आता बहुतेक ठिकाणी गावचा सुतार किंवा वेल्डिंगवाला मिळून होडी तयार करतो. त्याचा हात चांगला असतो. पण होडी तीन वर्षांत गळू लागते. का बरे? पुष्कळदा कारण हे, की सामान पाण्याचे नसते, घराचे असते.

मुख्य अडचण इथेच आहे. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांत होडीचे सामान हा रोजचा व्यवहार आहे. तिथला दुकानदार ‘होडीला खिळे पाहिजेत’ म्हटल्याबरोबर कोणते द्यायचे ते जाणतो. आपल्याकडे नगर, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर इथल्या हार्डवेअरच्या दुकानांत माल भरपूर, पण तो दारे-खिडक्या, पत्र्याची शेड आणि ट्रॉली यांच्यासाठी भरलेला. दुकानदार लबाड असतो असे मुळीच नाही. त्याला कोणी पाण्याचे गिऱ्हाईक भेटलेलेच नसते. म्हणून आपल्याकडच्या माणसाने दुकान शोधण्याआधी विचारायला शिकले पाहिजे. काय मागायचे आणि आणलेले कसे पारखायचे, एवढे ज्याला कळले त्याला तालुक्याच्या बाजारातूनही निम्मे सामान चांगले मिळते.

पहिला सल्ला असा, की दुकानात जाण्याआधी पाण्यावर जा. चैत्र-वैशाखात जलाशय आटतो आणि काठावर होड्या पालथ्या पडलेल्या असतात. पालथी पडलेली पाच-सात वर्षांची होडी हाच तुमचा सगळ्यात खरा नमुना. तिच्या तळाला हात लावा. खिळ्याभोवती लाकूड काळे पडले आहे का? पत्रा कोठे चाळणीसारखा झाला आहे? प्लायचे थर काठाकडून उलले आहेत का? आणि जी होडी धड राहिली आहे, तिच्या मालकाला विचारा, ‘दादा, लाकूड कोणत्या वखारीतले? खिळे कोठून आणले?’ मासेमारी करणारे आपले भोई बांधव असे विचारलेले मनापासून सांगतात. ज्याने त्या पाण्यावर पाच पावसाळे काढले त्याची शिफारस घ्यावी, दुकानावरच्या पाटीवर जाऊ नये.

दुसरा सल्ला, यादी करा. लाकडाची लांबी-रुंदी-जाडी, खिळ्यांची लांबी आणि नग, रंगाचे लिटर, दोराची जाडी आणि वाव, सगळे कागदावर मांडा. नुसते ‘होडीपुरते द्या’ म्हणणारा माणूस दुकानदाराच्या मर्जीवर जातो. इथे गुरुजींना एक विनंती आहे. सातवी-आठवीच्या मुलांना हा हिशेब करायला द्या. लाकूड घनफुटावर विकतात. फळीची लांबी फुटांत आणि रुंदी व जाडी इंचांत घेऊन तिघांचा गुणाकार करायचा व १४४ ने भागायचे. बारा फूट लांब, आठ इंच रुंद, एक इंच जाड अशी एक फळी म्हणजे ९६ भागिले १४४, म्हणजे दोनतृतीयांश घनफूट. अशा सहा फळ्या म्हणजे चार घनफूट. मुलांना पुस्तकातल्या हौदापेक्षा गावच्या होडीचे गणित जास्त गोड लागेल, आणि गावाला फुकटात हिशेबनीस मिळेल.

आता एकेक वस्तू घेऊ. प्रथम लाकूड.

होडीला साग उत्तम, यात वाद नाही. त्यात स्वतःचे तेल असते, तो पाण्यात फुगत-आकसत कमी आणि वाळवीला दाद देत नाही. महाराष्ट्रात नावाजलेला साग चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. बल्लारपूरच्या सरकारी आगारात त्याचे लिलाव होतात. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली साग तिथूनच गेला. पण लिलावात ओंडक्यांचे मोठे ढीग विकले जातात, एका होडीपुरता माल तिथे घ्यायला जाणे परवडत नाही. आपण वखारीतूनच घ्यायचा. पुण्याच्या भवानी पेठेतला टिंबर मार्केट आपल्याला जवळचा आणि मोठा. वखारवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात. माल कोठला, कापून किती महिने झाले, आणि बिलावर ‘साग’ असे लिहून देणार का. तिसऱ्या प्रश्नाला जो चाचरतो त्याच्याकडे चहा प्यावा आणि पुढे चालू लागावे.

फळी पारखताना काय पाहावे? गाभ्याचे लाकूड गडद आणि सालीलगतचे फिके पांढरे असते. पांढरा भाग पाण्यात लवकर कुजतो. तळाच्या फळीत तो नकोच. रेषा फळीच्या लांबीबरोबर सरळ धावत असाव्यात, तिरप्या सुटलेल्या नसाव्यात. गाठ असलीच तर घट्ट जिवंत असावी. ठोकल्यावर हलणारी गाठ म्हणजे उद्याचे भोक. लाकूड वाळले आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, तराजूला कळते. वाळलेल्या सागाचे वजन घनफुटाला साधारण १८ ते २० किलो भरते. त्याहून पुष्कळ जास्त भरले तर एक तर लाकूड ओले, नाहीतर साग नव्हे. घरी आणल्यावर एक तुकडा दर आठवड्याला तोलून वजन खडूने लिहून ठेवा. वजन उतरायचे थांबले म्हणजे लाकूड कामाला आले. सावलीत एक इंच जाडीला सुमारे एक वर्ष, असा सुतारांचा जुना आडाखा आहे.

साग परवडत नसेल तर आपल्या बांधावरची बाभूळ विसरू नका. गाडीच्या चाकांना आणि नांगरांना जिने पिढ्यान्‌पिढ्या साथ दिली, ती होडीच्या फासळ्यांनाही देते. नैसर्गिक वाक असलेली फांदी तर मोलाची. सरळ लाकूड कापून काढलेला वाक मोडतो, झाडानेच घेतलेला वाक मोडत नाही. बाभळीला लोखंडी खिळा मारला तर मात्र भोवती काळा डाग पडतो आणि खिळाही खातो. तिथे जस्ताचा मुलामा दिलेलाच खिळा वापरा. आणखी एक सांगायचे, स्वतःच्या शेतातले असले तरी साग, आंबा, जांभूळ, चिंच अशी झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याखाली येतात. तोडण्याआधी परवानगी घ्या, आणि सागाची वाहतूक करताना परवाना जवळ ठेवा. नाहीतर होडी पाण्यात जाण्याऐवजी लाकूड वनखात्याच्या आवारात जाईल.

आता प्लायवूड. हल्ली लहान होडीला फळ्यांऐवजी प्लाय वापरतात, ते चांगलेही आहे. पण इथे फसगत फार होते. गोष्ट माझीच आहे. एका दुकानातून ‘मरीन’ असा ठसठशीत शिक्का असलेल्या चार शीट मी आणल्या. बिलावर नुसते ‘प्लाय, नग चार’ असे लिहिले होते. मी ते पाहिलेही नाही. पहिला पावसाळा सरला आणि तळाच्या काठाला वहीची पाने उलगडावीत तसे थर उलगडले. परत न्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, ‘साहेब, बिलावर कोठे मरीन लिहिलंय?’ तो बरोबर होता. आधी बुद्धी जाते, मग भांडवल जाते, म्हणतात ते असे.

तेव्हा काय करावे? होडीच्या प्लायसाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक ७१०. आय.एस.आय.च्या चिन्हावर हा क्रमांक आणि चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. मानक ब्यूरोचे ‘बीआयएस केअर’ नावाचे मोबाइलवरचे साधन आहे, त्यात हा क्रमांक घातला की कोणत्या कारखान्याचा आणि कोणत्या मालाचा परवाना आहे ते दिसते. गुरुजी, गावातल्या माणसाला एवढे करून दाखवायला तुम्हाला दोन मिनिटे लागतील. दुसरे मानक ३०३ चे, त्यातला उकळत्या पाण्याला टिकणारा प्रकार स्वयंपाकघरातल्या फडताळांना चालतो. गिऱ्हाइकाला तोही ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळतो. मागताना क्रमांक सांगून मागा आणि बिलावर क्रमांक लिहून घ्या.

आणि तरीही घरी परीक्षा घ्याच. ७१० च्या मानकात प्लायचे तुकडे ७२ तास उकळून पाहतात. आपण तेवढे नको. शीटच्या कोपऱ्यातून तीन इंची चौकोन कापा, पातेल्यात बुडवून चार तास उकळा, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा चार तास उकळा. मग सुरीचे टोक थरांत घालून पाहा. थर सहज सुटला तर उरलेल्या शीट होडीला लावू नका. कडेलाही नीट पाहा. मधल्या थरांत पोकळ फटी दिसल्या तर पाणी त्यांतून आत वाट काढणार. डिंकाची रेघ तपकिरी असली म्हणजे झाले, असे काही दुकानदार सांगतात. पण रंग मिसळता येतो. उकळते पाणी काही मिसळून ऐकत नाही. म्हणून आधी एकच शीट घ्या, उकळा, आणि मग बाकीच्या सांगा. असे करू द्यायला जो दुकानदार तयार आहे तो चांगला दुकानदार.

पत्र्याची होडी करणाऱ्यांनी तराजू बरोबर न्यावा. पत्र्याची जाडी डोळ्यांनी सांगता येत नाही, पण वजन खोटे बोलत नाही. लोखंडी पत्रा एक चौरस मीटरला आणि एक मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो. म्हणजे आठ फूट बाय चार फुटांचा दोन मिलिमीटरचा पत्रा साडेशेहेचाळीस किलोच्या आसपास भरला पाहिजे, १.६ मिलिमीटरचा सदतीस किलोच्या आसपास. दोनचे पैसे घेतले आणि काट्यावर चाळीस भरले, तर मधले सहा-साडेसहा किलो तुमच्या होडीच्या आयुष्यातून गेले. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा गंजत उशिरा, पण वेल्डिंग करताना मुलामा जळतो आणि त्याचा पांढरा धूर माणसाला ताप आणतो. सांध्याजवळचे जस्त आधी घासून काढा, काम उघड्यावर करा, आणि सांध्याला नंतर जस्ताचा रंग द्या.

खिळे, स्क्रू आणि बोल्ट ही वस्तू लहान, पण सगळी होडी त्यांच्यावर लटकलेली असते. साधा लोखंडी खिळा ओल्या लाकडात गंजतो, फुगतो आणि आपले भोक मोठे करून ढिला होतो. जस्ताचा मुलामा दोन तऱ्हेचा असतो. एक विजेने चढवलेला, तो चकचकीत आणि पातळ. दुसरा वितळलेल्या जस्तात बुडवून चढवलेला, तो खरखरीत, करडा आणि जाड. आपल्याला दुसरा पाहिजे. दिसायला तो गावठी दिसतो म्हणून दुकानदार पहिला पुढे करतो. त्याच्या चमकीवर भुलू नका. तांब्याचे आणि पितळेचे खिळेही उत्तम, पण तांबे आणि जस्त एकमेकांना चिकटून ठेवू नयेत. पाण्यात दोन धातू शेजारी आले की त्यांच्यात विजेचा खेळ सुरू होतो आणि जस्त खाऊन जाते.

स्टेनलेस स्टील घेणाऱ्यांसाठी थोडे पैसे वाचवणारी गोष्ट सांगतो. त्याचे ३१६ आणि ३०४ असे प्रकार आहेत. ३१६ खाऱ्या पाण्यासाठी. आपले पाणी गोडे; आपल्याला ३०४ पुरते, जास्त पैसे घालू नका. पण बाजारात २०२ म्हणून स्वस्त प्रकार खिडक्यांच्या जाळ्यांसाठी येतो, तो पाण्याजवळ डागाळतो. लोहचुंबक लावून पाहा, असे सांगतात. पण २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून ती परीक्षा अपुरी. बोल्टच्या डोक्यावर कोरलेले पाहा. ‘ए२’ म्हणजे ३०४ च्या जातीचा, ‘ए४’ म्हणजे ३१६ च्या जातीचा. काहीच कोरलेले नसेल तर बिलावर जात लिहून मागा. असा माल तालुक्याला न मिळाला तर पुण्याच्या रविवार पेठेतली बोहरी आळी आणि मुंबईची नागदेवी स्ट्रीट या हार्डवेअरच्या जुन्या पेठा आहेत. तिथे एका चक्करेत सगळे मिळते, पण यादी नसेल तर माणूस तिथे हरवतो. मुंबईलाच दारूखान्याकडे जहाजे मोडण्याचा धंदा जुना. जहाजांचे साखळदंड, कप्प्या, कड्या तिथून येतात. मोडीचा माल स्वस्त, पण कडीचा झिजलेला भाग आतल्या बाजूला असतो. ती फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

सांधे भरण्याची विद्या कोकणाची. कापसाचे सूत तेलात भिजवून सांध्यांत ठोकतात, वरून राळ आणि तेल यांचे मिश्रण भरतात. लाकडाला उंडीच्या बियांचे किंवा काजूच्या टरफलांचे तेल पाजतात. ही तेले आपल्याकडे मिळत नाहीत. कोणी कोकणात लग्नाला किंवा देवाला जाणार असेल तर त्याच्याकडून मागवावीत. काजूच्या टरफलांच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी होते, हातमोजे घालून लावावे. शेंदूर कालवून पहिला हात देण्याची जुनी चाल मात्र सोडा. तांबडा शेंदूर म्हणजे शिसे. ते विष आहे, आणि त्याच पाण्यातले मासे आपण खातो. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. डबा घेताना ‘शिसे नाही’ असे छापलेले पाहून घ्या.

फायबरच्या होड्याही आता होतात. त्याला काचेचा धागा आणि रेझिन लागते. इथे दुकानदाराची परीक्षा तारखेने होते. रेझिन काही महिनेच टिकते, आणि नगरच्या चाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेले तर त्याहून लवकर दाट होते. डब्यावरची तारीख पाहा, डबा हलवून पाहा, दही लागल्यासारखे वाटले तर घेऊ नका. सुटे, बिनतारखेचे रेझिन बाटलीत भरून देणाऱ्याकडून मुळीच घेऊ नका. आणि एक धोक्याची सूचना: रेझिनबरोबर मिळणारे कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन पदार्थ एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी एक पदार्थ रेझिनमध्ये पुरता ढवळायचा, मग दुसरा. जो विक्रेता हे आपण होऊन सांगतो त्याच्याकडे पुन्हा जायला हरकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि यादीत बहुधा शेवटी लिहिले जाणारे, किंबहुना विसरले जाणारे सामान. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे बुडाली. दोनच दिवसांनी आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या सुगाव इथे, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली. त्यात दलाचे तिघे जण गेले. वारा आणि भोवरा आपल्या हातात नाहीत. होडी उलटल्यावर ती तरंगत राहावी आणि माणसाचे डोके पाण्यावर राहावे, एवढे मात्र आपल्या खरेदीच्या यादीत आहे.

पत्र्याची होडी पाण्याने भरली की दगडासारखी तळाला जाते. दीडशे किलोची लोखंडी होडी पाण्याखाली सुमारे १३० किलो भरते. वीस लिटरचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा कॅन, स्वतःचे वजन वजा जाता, सुमारे १९ किलो उचलतो. म्हणजे नुसती होडी तरंगत ठेवायला सात कॅन पाहिजेत. तिला धरून चार माणसे लोंबकळणार, माणशी पाच किलो तरी जादा धरा. इंजिन असेल तर त्याचे वजन निराळे. म्हणून दहा कॅन धरा आणि ते बाकांखाली दोरीने जखडून टाका, नाहीतर होडी उलटताच कॅन एकीकडे आणि होडी दुसरीकडे. थर्मोकोलही चालते, पण पेट्रोलचा थेंब पडला की ते विरघळते. इंजिनाच्या होडीत ते उघडे ठेवू नये.

जीवरक्षक जाकिटेही पारखून घ्यावीत. सहलीच्या ठिकाणी रंगीत कापडात पातळ स्पंज शिवलेली जाकिटे स्वस्तात मिळतात. ती फोटोला बरी. चांगल्या जाकिटावर किती भार उचलतो ते ‘१०० न्यूटन’ असे छापलेले असते; म्हणजे पाण्यात सुमारे दहा किलो. परीक्षा सोपी आहे. बाजारातले दहा किलोचे लोखंडी माप जाकिटाला बांधा आणि विहिरीत दोराने सोडा. पाण्यात ते माप साडेआठ-पावणेनऊ किलोच भरते. १०० न्यूटनचे जाकीट ते धरून ठेवील. बुडाले तर छापलेले खोटे. जाकीट तासभर पाण्यात ठेवून मग पाहा, कारण वाईट स्पंज हळूहळू पाणी पितो. दहा जाकिटे घ्यायची असतील तर आधी एक आणा, विहिरीला विचारा, मग बाकीची.

दोराबद्दल एवढेच, की नायलॉन बुडतो पण ताणाला लवचिक, म्हणून नांगराला बरा. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो, म्हणून बुडणाऱ्याकडे फेकायला तो हवा. पण उन्हाने तो ठिसूळ होतो. हातात चुरगाळल्यावर भुकटी पडू लागली की तो दोर बैलांनाही बांधू नका.

आता तुम्ही म्हणाल, चांगला विक्रेता ओळखावा कसा, ते थोडक्यात सांगा. तर ऐका. दुकानात गेल्यावर नुसते म्हणा, ‘होडीसाठी स्क्रू पाहिजेत.’ जो लगेच डबा पुढे सरकवतो त्याच्यापेक्षा जो विचारतो ‘पाणी गोडे की खारे? फळीची जाडी किती?’ तो बरा. जो ‘ते माझ्याकडे नाही, अमक्या पेठेत मिळेल’ असे सांगतो तो त्याहून बरा. त्याच्याकडे जे आहे ते डोळे मिटून घ्यावे. आणि जो मालाची जात, क्रमांक आणि वजन बिलावर लिहून देतो तो सगळ्यांत बरा. आपणही ताकाला जाऊन भांडे लपवू नये. होडी करायची आहे, माणसे बसणार आहेत, हे त्याला स्पष्ट सांगावे. पुष्कळ दुकानदार हे ऐकल्यावर हलका माल स्वतःच बाजूला ठेवतात.

एकट्याने पाच किलो खिळ्यांसाठी पुण्याला जाणे महाग पडते. म्हणून चार-सहा होडीवाल्यांनी किंवा गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेने एकत्र यादी करावी आणि एका माणसाने सगळ्यांचे आणावे. सहकार हा शब्द या जिल्ह्याला काही नवा नाही. प्रवरानगरचा साखर कारखाना इथलाच. जे उसाला जमले ते खिळ्यांना का जमू नये? मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करावी. होडी आणि जाळ्यांसाठी त्या वर्षी कोणते साहाय्य चालू आहे ते तिथे कळते. होडी पाण्यात घालण्याआधी पाटबंधारे खात्याची आणि नाथसागराच्या बाजूला वनखात्याचीही विचारपूस करा, कारण तिथे पक्ष्यांचे अभयारण्य आहे. इंजिनाच्या होडीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे नोंदणी लागते.

आणि फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. पावती असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे २०१९ च्या कायद्याखाली दाद मागता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. पण पावती पाहिजे. माझ्यासारखे ‘प्लाय, नग चार’ लिहिलेले बिल घेऊन गेलात तर हात हलवीत परत याल.

शेवटी एक काम. होडी तयार झाली म्हणजे लगेच नारळ फोडून पाण्यात लोटू नका. आधी ती अंगणात ठेवून तिच्यात वीतभर पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खाली ओल कोठे आली ते खडूने खुणावा. मग काठाजवळ, गुडघाभर पाण्यात नेऊन ती मुद्दाम पाण्याने भरा आणि पाहा, तरंगते का. चार दांडगी पोरे बाजूंना लोंबकळू द्या. तेव्हा तरंगली तर नारळ फोडा. लाकूड थंडीत घ्या, काम माघ-फाल्गुनात करा, परीक्षा वैशाखात घ्या, म्हणजे मृग लागायच्या आत होडी सज्ज. पलीकडच्या काठावरून शाळेला येणारे पोर ज्या फळीवर बसणार आहे, ती फळी कोठून आणली आणि तिचे खिळे कसले, एवढे तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगता आले, की तुमची खरेदी चोख झाली असे समजा.